कुलूपबंद कपाट आणि एक वेबपान

दोस्तांनो, एक सोपा प्रश्न. तुमच्या शाळेत ग्रंथालय आहे का?

"आहे की!" असं बहुतेक जण म्हणाल. बरं, मग दुसरा प्रश्न. त्यात पुस्तकं किती आहेत? आता जरा चुळबुळ सुरू झाली. आणि तिसरा प्रश्न : त्यातल्या कुठल्याही पाच पुस्तकांची नावं सांगा पाहू! अरेच्चा, सगळे गप्प?

लाजू नका. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एक शाळा आहे. तिथं हाच प्रश्न विचारला गेला तेव्हा अशीच शांतता पसरली होती. मग त्या शाळेतल्या आठवीच्या एका मुलीनं संगणकाशी दोस्ती कशी केली आणि त्या दोस्तीतून पुस्तकांची दोन कपाटं अडगळीत जाण्यापासून कशी वाचली, त्याची ही हकिकत. वाचता वाचता वेबपान कसं तयार करतात, तेही तुम्हाला कळेल.

या मुलीचं नाव मात्र आम्ही सांगणार नाही. का नाही, ते पुढं येईलच. वर्गातली मुलं तिला आता 'ग्रंथपालबाई' म्हणतात. आपणही तेच म्हणू.

अकरा पुस्तकं, एक वर्ष

शाळेतल्या एका खोलीत दोन लोखंडी कपाटं होती. कपाटांना काच नव्हती, कुलूप मात्र होतं. किल्ली मराठीच्या बाईंकडे. जुलै महिन्यात मुख्याध्यापकांनी ठरवलं की त्या खोलीत मोठ्या पडद्याचा डिजिटल वर्ग करायचा. कपाटं मागच्या अडगळीच्या खोलीत हलवायची. तिथं मोडके बाक, जुने नकाशे आणि पावसाळ्यात भिंतीला भरपूर ओल!

ग्रंथपालबाईला हे कळलं तशी ती थेट मुख्याध्यापकांच्या खोलीत गेली.

"सर, तिथं पुस्तकांना वाळवी लागेल."

मुख्याध्यापक रागावले नाहीत. त्यांनी देवघेवीची वही पुढं सरकवली. "तूच मोज. गेल्या वर्षभरात किती पुस्तकं बाहेर गेली?"

तिनं मोजली. फक्त अकरा! त्यातली चार तर शिक्षकांनीच नेलेली.

"बघ बाळ, कुणी मागतच नाही. मग खोली अडवून काय उपयोग?"

क्षणभर तिला उत्तर सुचेना. मग ती म्हणाली, "सर, आत काय आहे तेच कुणाला माहीत नाही. मग मागणार काय?"

खरंच आहे ना हे? दुकानात बरणीतली गोळी दिसते म्हणून आपण ती मागतो. बंद कपाटातलं पुस्तक कसं मागणार? मुख्याध्यापकांनाही ते पटलं असावं. ते म्हणाले, "ठीक आहे. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत कपाटं इथंच राहतील. तोवर मुलं पुस्तकं मागताहेत असं वहीत दाखव. नाहीतर कपाटं हलणार."

झालं! ग्रंथपालबाईच्या हाती साडेतीन महिने उरले.

नोटपॅड उघड!

आधी तिनं कागदावर यादी करायचं ठरवलं. पण एक यादी सगळ्या शाळेला पुरणार कशी? फळ्यावर लिहिली तर दुसऱ्या दिवशी पुसली जाणार. तेव्हा संगणकाच्या सरांनी सुचवलं, "वेबपान कर. संगणकाच्या खोलीतल्या सहाही यंत्रांवर ठेवू. ज्याला हवं तो बघेल."

"पण सर, आपल्या खोलीत इंटरनेट धड चालत नाही."

"वेबपान बघायला इंटरनेट लागतंच असं कुणी सांगितलं?"

मित्रांनो, इथं बरेच जण फसतात. वेबपान म्हणजे शेवटी साधी फाईल. ती तुमच्याच संगणकात असेल, तर ब्राउझर ती तिथूनच उघडतो. इंटरनेट लागतं ते पान दूरच्या माणसापर्यंत पोचवायला.

ग्रंथपालबाईला तोवर संगणकावर काय येत होतं? माउस धरता येत होता, चित्र रंगवता येत होतं आणि एका बोटानं टंकता येत होतं. बस्स! सरांनी तिला नोटपॅड उघडायला लावलं. हा संगणकातला सर्वांत साधा लेखक. ना रंग, ना नक्षी. त्यात तिनं पुस्तकांची दहा नावं लिहिली, एकाखाली एक. फाईल जतन करताना नावापुढं टिंब देऊन 'एचटीएमएल' ही अक्षरं जोडली. मग त्या फाईलवर दोनदा टिचकी मारली. काय आश्चर्य! नोटपॅडऐवजी ब्राउझर उघडला आणि तिनं लिहिलेलं पान समोर आलं.

पण हे काय? दहा ओळी लिहिल्या होत्या आणि ब्राउझरनं सगळी नावं एकाच ओळीत कोंबली होती! तिनं नोटपॅडमध्ये जाऊन पुन्हा पुन्हा एंटर दाबलं. काही फरक नाही. नावं आपली एकमेकांना चिकटलेलीच.

सर हसून म्हणाले, "अगं, ब्राउझर तुझ्या मोकळ्या जागा मोजतच नाही. ही ओळ संपली, हे शीर्षक, ही यादी, असं त्याला खुणा करून सांगावं लागतं."

टोकदार कंसांच्या खुणा

या खुणांच्या भाषेचं नाव एचटीएमएल. त्यातला 'मार्कअप' हा शब्द छापखान्यातून आला आहे. पूर्वी संपादक हस्तलिखितावर पेन्सिलीनं खुणा करत : हे शीर्षक मोठ्या टाइपात घ्या, इथं नवा परिच्छेद सुरू करा. खिळे जुळवणारा माणूस त्या खुणा पाहून पान जुळवी. वाचकाला खुणा दिसत नसत, त्यांचा परिणाम दिसे. वेबपानात खिळे जुळवणाऱ्याचं काम ब्राउझर करतो, एवढंच.

खूण लिहायची ती दोन टोकदार कंसांत आणि इंग्रजी अक्षरांत. मोठ्या शीर्षकाची खूण 'एच' आणि एक हा आकडा. परिच्छेदाची खूण 'पी'. ठिपक्यांच्या यादीची 'यूएल' आणि यादीतल्या एकेका कलमाची 'एलआय'. तक्त्यासाठी 'टेबल', त्यातल्या रांगेसाठी 'टीआर' आणि चौकटीतल्या घरासाठी 'टीडी'. बहुतेक खुणा उघडायच्या आणि काम झालं की बंद करायच्या. बंद करताना कंसात आधी एक तिरपी रेघ मारायची. अगदी अवतरणचिन्हासारखं : उघडलं की मिटायला हवं.

आणि मिटलं नाही तर? ग्रंथपालबाईच्या मैत्रिणीनं शीर्षक उघडलं आणि बंद करायचं विसरली. मग काय! खालची सगळी पुस्तकं शीर्षकाच्या ठळक, भल्यामोठ्या अक्षरांत दिसू लागली. "एवढी मोठी पुस्तकं कपाटात मावायची नाहीत!" असं मामा म्हणाले. मामा म्हणजे शाळेचे शिपाई. कपाट उघडून द्यायला ते रोज मधल्या सुट्टीत येत, आणि पडद्यावर काय चाललंय ते बघत उभे राहत.

हे जाळं विणलं कुणी?

स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हाजवळ सर्न नावाची विज्ञानसंस्था आहे. अणूच्या पोटातल्या कणांचा अभ्यास करायला देशोदेशींचे शास्त्रज्ञ तिथं येतात. प्रत्येकाचा संगणक वेगळा, कागदपत्रं वेगळी. कोणती माहिती कुठं आहे, ते शोधताना नाकीनऊ येत. यावर तोडगा म्हणून तिथल्या टिम बर्नर्स-ली या इंग्रज तरुणानं १९८९ साली एक टिपण लिहून दिलं. १९९० संपता संपता त्यानं जगातला पहिला ब्राउझर आणि पहिला वेब सर्व्हर तयार केला. तो सर्व्हर म्हणजे त्याच्या टेबलावरचाच संगणक होता. तो कुणी चुकून बंद करू नये म्हणून त्यावर लाल शाईनं सूचना लिहून चिकटवली होती. तो बंद झाला असता तर जगातलं सगळं वेब बंद!

३० एप्रिल १९९३ रोजी सर्ननं हे तंत्र सर्वांसाठी मोफत खुलं केलं. म्हणून तर आज कुणालाही परवानगी न मागता, एक पैसाही न देता वेबपान लिहिता येतं. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळू लागलं ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. त्या वेळी लहान असलेल्या आई-बाबांना विचारा, टेलिफोनच्या तारेतून येणारा तो 'किर्रर्र' आवाज आठवतो का!

यादीत शिरलं भूत

पुस्तकांची एक जुनी यादी शाळेत आहे, असं ऑफिसमधल्या भाऊसाहेबांनी सांगितलं. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांनीच ती टंकली होती. सीडी सापडली, फाईल उघडली, आणि सगळे बघतच राहिले. मराठीचं एक अक्षर नाही! इंग्रजी अक्षरं, टक्क्याच्या खुणा, कंस, स्वल्पविराम यांची नुसती खिचडी!

"फाईल सडली वाटतं," मैत्रीण म्हणाली.

फाईल मुळीच सडली नव्हती. गंमत वेगळीच आहे. संगणकाला अक्षरं कळत नाहीत, कळतात ते आकडे. म्हणून प्रत्येक अक्षराला एक क्रमांक ठरवून दिलेला असतो. १९६३ साली अमेरिकेत ठरलेल्या 'आस्की' या पद्धतीत एकूण १२८ जागा होत्या. त्या इंग्रजी अक्षरं, आकडे, चिन्हं आणि यंत्राला द्यायच्या सूचना यांतच संपल्या. मग मराठीनं बसायचं कुठं? त्यावर जुन्या मराठी फॉन्टनी युक्ती केली. क्रमांक इंग्रजी अक्षराचा, पण चित्र मराठी अक्षराचं! जणू इंग्रजी अक्षरांना मराठी मुखवटे चढवले. तो फॉन्ट संगणकात असेपर्यंत नाटक झकास चालायचं. फॉन्ट गेला की मुखवटे गळून पडायचे आणि मागची इंग्रजी अक्षरं उघडी पडायची. भाऊसाहेबांच्या यादीचं नेमकं हेच झालं होतं.

यावरचा कायमचा उपाय म्हणजे युनिकोड. जगातल्या सगळ्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा वेगळा क्रमांक. १९९१ साली त्याची पहिली आवृत्ती आली, तेव्हापासून देवनागरी त्यात आहे. आपल्या 'क'चा क्रमांक आहे २३२५. तो मुंबईत, मॉरिशसमध्ये किंवा न्यूयॉर्कमध्येही २३२५च! हे क्रमांक फाईलमध्ये साठवायची जी पद्धत आज वेबवर सर्रास चालते, तिचं नाव यूटीएफ-८. ती केन थॉम्पसन आणि रॉब पाइक या दोघांनी १९९२ साली न्यू जर्सीतल्या एका खानावळीत, ताटाखालच्या कागदावर आकडेमोड करून आखली. आपलं पान यूटीएफ-८मध्ये आहे, असं सांगणारी एक ओळ पानाच्या डोक्यावर लिहायची असते. ती लिहिली की ब्राउझर मराठीला अडखळत नाही.

सरांनी जुनी यादी युनिकोडमध्ये बदलणाऱ्या एका प्रोग्रॅममधून काढली. बरीचशी नावं सुधारली, पण सगळी नाहीत. कुठं जोडाक्षर तुटलं, तर कुठं ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसली. का बरं? 'कि' लिहिताना वेलांटी डावीकडे दिसते, म्हणून जुन्या फॉन्टमध्ये ती आधी टंकायची. युनिकोडमध्ये आधी 'क' आणि मग वेलांटी, म्हणजे आपण जसं उच्चारतो तसं. या अदलाबदलीत घोटाळा होतो.

आता एकच मार्ग. प्रत्येक पुस्तक हातात घ्यायचं आणि यादीशी ताडून पाहायचं. ग्रंथपालबाई आणि तिच्या दोन मैत्रिणी कामाला लागल्या. रोज मधल्या सुट्टीत वीस पुस्तकं. महिनाभर हे चाललं. यादीत ५९० नावं होती. त्यातली नऊ पुस्तकं कपाटात नव्हतीच, आणि एकतीस पुस्तकं अशी सापडली की जी यादीत नव्हती. म्हणजे एकूण किती? करा बेरीज-वजाबाकी! (उत्तर : ६१२.)

या महिन्यात एक गोष्ट न ठरवता झाली. पुस्तक तपासायचं म्हणून उघडायचं, आणि मग ते मिटवत नसे! मारुती चितमपल्लींचं 'पक्षी जाय दिगंतरा' तपासायला घेतलेली मैत्रीण त्या दिवशी बाकीची एकोणीस पुस्तकं विसरून गेली. देवघेवीच्या वहीत त्या वर्षीची पहिली नोंद तिची.

'ज्ञ' हरवला!

यादी झाली. आता ती अकारविल्हे लावायची. एवढी नावं हातानं कोण लावणार? सरांनी तक्त्याच्या प्रोग्रॅममध्ये एक कळ दाबली आणि क्षणात यादी रांगेत उभी राहिली. पण मराठीच्या बाईंनी चष्मा वर करून विचारलं, "'ज्ञानेश्वरी' कुठं गेली? शेवटी दिसत नाही ती."

शोधाशोध झाली. सापडली ती 'ज'च्या घोळक्यात! आणि 'क्ष'नं सुरू होणारी पुस्तकं 'क'च्या शेपटीला.

आपण बालवाडीपासून म्हणतो : ह, ळ, क्ष, ज्ञ. पण युनिकोडच्या लेखी 'ज्ञ' हे स्वतंत्र अक्षर नाहीच. ते आहे ज, हलन्ताचं चिन्ह आणि ञ अशा तीन क्रमांकांची साखळी. 'क्ष' म्हणजे क, हलन्ताचं चिन्ह आणि ष. त्यामुळे नुसते क्रमांक बघून रांग लावणारा संगणक त्यांना ज आणि क यांच्याबरोबर बसवतो. 'ळ'लाही तो 'ह'च्या पुढं न ठेवता 'ल'च्या शेजारी बसवतो. मराठीचा क्रम संगणकाला शिकवता येतो, पण आधी तो आपल्याला ठाऊक हवा ना! ग्रंथपालबाईनं 'क्ष' आणि 'ज्ञ' असे दोन गट हातानं वेगळे केले आणि शेवटी नेऊन ठेवले.

दुसरी अडचण नावांची. एकाच लेखकाचं नाव कुठं 'पु. ल. देशपांडे', कुठं 'पु.ल.देशपांडे', तर कुठं नुसतं 'पु. ल.' असं लिहिलेलं. आपल्याला तिन्ही एकच वाटतात. संगणकाला एका मोकळ्या जागेचा फरकही पुरतो! पानावर काही शोधायचं तर कंट्रोल आणि एफ या दोन कळा एकदम दाबतात. पण नाव तीन तऱ्हांनी लिहिलं असेल, तर एकदा शोधून तिसरा हिस्साच सापडणार. म्हणून तिनं नियम केला : आद्याक्षरानंतर टिंब, मग एक जागा मोकळी, आणि आडनाव नेहमी पूर्ण. नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला.

रंग, रूप आणि जरा आवर

पान पांढरं, अक्षरं काळी. मैत्रिणी म्हणाल्या, "रंग भर की!"

रंगरूपासाठी वेगळी भाषा आहे. तिला म्हणतात सीएसएस. हाकोन विउम ली या नॉर्वेच्या तरुणानं ती १९९४ साली सुचवली आणि १९९६ च्या डिसेंबरमध्ये तिचं पहिलं प्रमाण ठरलं. एचटीएमएल म्हणजे घराच्या भिंती आणि सीएसएस म्हणजे रंगरंगोटी. दोन्ही वेगळ्या ठेवल्या की एक ओळ बदलून सगळ्या पानांचा रंग बदलतो.

संगणकाचा रंग तीन दिव्यांतून तयार होतो : लाल, हिरवा, निळा. प्रत्येक दिवा मंद-प्रखर करायच्या २५६ पायऱ्या. म्हणजे एकूण रंग किती? २५६ गुणिले २५६ गुणिले २५६, उत्तर १,६७,७७,२१६! एवढे रंग हाती आल्यावर कुणाचं मन आवरेल? ग्रंथपालबाईनं निळ्यावर लाल अक्षरं केली, वर पिवळी किनार लावली. सरांनी मामांना बोलावलं. "मामा, वाचून दाखवा बरं."

मामांनी डोळे बारीक केले. "ताई, हे नुसतं चमकतंय. अक्षर काही लागत नाही."

त्या संध्याकाळी रंग गेले. फिक्या पिवळसर पाटीवर गडद अक्षरं आली, आणि अक्षरांचा आकार वाढला. पान दिसायला साधं झालं, पण चाळिशीच्या चष्म्यालाही वाचता येऊ लागलं.

मग तिनं काही मुखपृष्ठांचे फोटो टाकले. शाळेतल्या यंत्रावर छान दिसले. पेन ड्राइव्हवरून पान दुसऱ्या यंत्रावर नेलं, तर फोटोंच्या जागी मोडक्या चौकटी! कारण काय, तर पानात फोटोचा पत्ता पहिल्या यंत्राचा लिहिला होता. 'अमक्या यंत्राच्या तमक्या कप्प्यात' असा पूर्ण पत्ता दिला, की घर बदलल्यावर पत्र पोचत नाही. 'माझ्या शेजारच्या खोलीत' असा पत्ता दिला, की घर कुठंही न्या, खोली शेजारीच असते. तिनं 'चित्रे' नावाचा फोल्डर पानाशेजारी ठेवला आणि सगळे पत्ते बदलले. फोटोही लहान केले. मोबाइलनं काढलेला एक फोटो तीन-चार मेगाबाइटचा असतो. यादीपुरता तो ३०० पिक्सेल रुंद केला तर काही किलोबाइटांत मावतो.

विषयांची मांडणी कशी करायची, हे मात्र तिला सहलीतून सुचलं. महाबळेश्वर तालुक्यातलं भिलार २०१७ साली 'पुस्तकांचं गाव' झालं. तिथं एकेका घरात एकेका विषयाची पुस्तकं असतात. तिनं तसंच केलं. विज्ञान, चरित्र, प्रवास, कथा, कविता, प्रत्येकाचं वेगळं पान. आणि पहिल्या पानावर प्रत्येक घराचं दार, म्हणजे दुवा!

काय लिहायचं नाही?

मुलांना उत्साह फार. एकानं सुचवलं, "कुणी कुठलं पुस्तक नेलं, तेही पानावर टाकू. उशीर करणाऱ्यांची नावं लाल रंगात!"

बाईंनी तिथंच थांबवलं. कोण काय वाचतं ही ज्याची त्याची खासगी गोष्ट आहे. ती वहीत राहील, पानावर येणार नाही. पानाखाली ग्रंथपालबाईनं स्वतःचं नाव, इयत्ता आणि आईचा मोबाइल क्रमांक लिहिला होता, तोही सरांनी काढायला सांगितला. पान आज शाळेत आहे, उद्या बाहेर गेलं तर? एकदा बाहेर पडलेला क्रमांक परत बोलावता येत नाही. आता त्या जागी एवढंच आहे : 'इयत्ता आठवीच्या विद्यार्थिनी'. आम्ही तिचं नाव का सांगितलं नाही, ते आलं ना ध्यानात?

आणखी एक प्रश्न निघाला. पुस्तकंच्या पुस्तकं स्कॅन करून पानावर टाकली तर? भारताच्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत त्याच्या लेखनाचे हक्क राखीव असतात. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे त्यांचं लेखन २०११ पासून सर्वांना खुलं झालं. पु. ल. देशपांडे गेले २००० साली, म्हणजे त्यांच्या पुस्तकांचे हक्क २०६० संपेपर्यंत राखीव आहेत. पुस्तकाचं नाव, लेखक आणि दोन ओळींची स्वतः लिहिलेली ओळख द्यायला मात्र कुणाची हरकत नाही.

मग पुढं काय झालं?

सप्टेंबरच्या शेवटी पान सहाही यंत्रांवर आलं. पहिल्याच आठवड्यात सहावीतल्या एका मुलानं 'फास्टर फेणे' मागितला. पानावर होता, कपाटात मात्र जागेवर नव्हता! मुलगा म्हणाला, "तुमची यादी खोटी आहे."

ग्रंथपालबाईला ते फार लागलं. पुस्तक शेवटी भूगोलाच्या गठ्ठ्यात सापडलं, पण तिनं धडा घेतला. यादी आज खरी असून भागत नाही. ती उद्याही खरी राहायला हवी. दर शनिवारी कपाट आणि पान ताडून बघायचं ठरलं. प्रत्येक पानाच्या तळाशी 'शेवटची तपासणी' असं लिहून तारीख येऊ लागली.

दिवाळीच्या सुट्टीआधी मुख्याध्यापकांनी वही मागवली. चार-पाच आठवड्यांत चौसष्ट नोंदी झाल्या होत्या!

डिजिटल वर्ग त्या खोलीत झालाच. तो व्हायलाही हवा होता. पण कपाटं अडगळीत गेली नाहीत. एक बाहेर व्हरांड्यात उभं राहिलं, दुसरं शिक्षकांच्या खोलीत. आणि नव्या मोठ्या पडद्यावर पहिलं काय लागलं असेल? बरोबर ओळखलंत!

आता ग्रंथपालबाई सहावीतल्या दोघांना खुणांची भाषा शिकवते आहे. दहावीला गेल्यावर तिला वेळ मिळणार नाही. पान मात्र चालू राहायला हवं.

करून पाहा

१. आधी कागद घ्या. पान कुणासाठी आहे आणि त्याला काय सापडायला हवं, हे दोन ओळींत लिहा. विषय जवळचा निवडा : अंगणातली झाडं, गावातल्या विहिरी, आजीला येणारे पदार्थ, वर्गातली पुस्तकं.

२. कागदावरच पानाचा आराखडा काढा. शीर्षक कुठं, यादी कुठं, चित्र कुठं?

३. एका फोल्डरमध्ये सगळं ठेवा. नोटपॅडमध्ये पान लिहा, जतन करताना यूटीएफ-८ निवडा, नावापुढं टिंब आणि एचटीएमएल जोडा.

४. मराठी टंकायला इनस्क्रिप्ट कळफलक शिका. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. रोज पंधरा मिनिटं सराव केला तर बोटं आपोआप वळतात.

५. एकेक खूण लिहून लगेच ब्राउझरमध्ये बघा. दहा खुणा एकदम लिहिल्या, तर बिघाड नेमका कुठं झाला ते शोधता येत नाही.

६. घरातल्या मोठ्या माणसाला पान दाखवा आणि गप्प बसा! त्यांना न सांगता वाचता आलं, हवं ते सापडलं, तर पान जमलं.

पालकांसाठी दोन शब्द

मुलांना हे शिकवायला महागडा क्लास लावायलाच हवा, असं नाही. नोटपॅड आणि ब्राउझर संगणकाबरोबरच येतात. जुना संगणकही पुरतो. शाळेत किंवा ओळखीच्यांकडे आठवड्यातून दोन तास मिळाले तरी सुरुवात होते. बाकीचं काम कागद-पेन्सिलीचंच आहे.

पान इंटरनेटवर चढवायची वेळ आली तर मात्र बरोबर बसा. खातं तुम्ही उघडा, संकेतशब्द तुमच्याकडे ठेवा. मुलाचं पूर्ण नाव, शाळा, फोटो, घरचा पत्ता यांतलं काही पानावर नाही ना, हे स्वतः वाचून बघा. २०२३ साली संसदेनं वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यात अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलं आहे, आणि त्याची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची संमती घ्यायला सांगितलं आहे. पण कायद्याच्याही आधी घरातलं लक्ष महत्त्वाचं.

आणि हो, मुलगी किंवा मुलगा पडद्यासमोर बसलेला दिसला की "पुन्हा गेम?" असं विचारण्याऐवजी एकदा "काय करतेस, दाखव बरं" असं म्हणून बघा. कदाचित ती तुम्हालाच विचारेल, "बाबा, 'ज्ञ' कुठल्या अक्षरांचा होतो, सांगा पाहू!"